उत्पादन बंद, जिनिंग चालू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लोणार म्हटलं की लोकांना सरोवर आठवतं. उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, खाऱ्या पाण्याचं. २०२० च्या जून महिन्यात त्या पाण्याचा रंग गुलाबी झाला तेव्हा तर देशभरातून फोन आले. पण सरोवराच्या काठावरून वर आलं की चारी बाजूंना दिसतो तो आमचा कापूस, आणि अलीकडे त्याहून जास्त सोयाबीन. मी उपकरण-दुरुस्तीचं काम करतो. घाटावर आणि घाटाखाली, जिथे जिनिंग-प्रेसिंगचं यंत्र अडतं तिथे जातो. आज त्या यंत्रातल्या एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचं आहे. तळहातावर मावेल एवढं ते कार्ड असतं. ते कंपनीने बनवणं बंद केलेलं असतं, आणि ते गेलं की गेटबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते.

आमच्या जिल्ह्याचं कापसाशी नातं जुनं आहे. खामगावचा कापूसबाजार इतका मोठा होता, की १८७० साली इंग्रज सरकारने जलंब ते खामगाव अशी छोटी रेल्वे फाटा काढून खास तिथवर नेली. (खामगाव-जालना रेल्वेची मागणीही शंभर वर्षांहून जुनी आहे, ती गाडी मात्र अजून यायची आहे, आणि लोणारला तर रेल्वेच नाही. सुट्या भागांच्या गोष्टीत याचा संबंध पुढे येईलच.) त्या काळापासून अगदी परवापरवापर्यंत जिनिंग म्हणजे डोक्यावर टोपली घेऊन कापूस वाहणाऱ्या बाया, रेच्यांची रांग, जमिनीवर पडलेली रुई आणि हाताने भरलेली प्रेस, असं चित्र होतं. रुईत केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्या सापडत आणि गिरण्या भाव पाडत. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठी अनुदान होतं. त्या दहा वर्षांत विदर्भात, मराठवाड्यात आणि खानदेशात किती तरी जिनिंगचा कायापालट झाला. कापूस हवेच्या नळीतून ओढला जाऊ लागला, पट्ट्यावरून रेच्यांकडे जाऊ लागला, रुई माणसाचा हात न लागता प्रेसमध्ये उतरू लागली आणि १७० किलोच्या आसपासची गाठ दर तीन-चार मिनिटांना बाहेर पडू लागली.

हे सगळं चालवतो तो पीएलसी. नाव मोठं आहे, प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. काम मात्र आपल्या ओळखीचं आहे. पीएलसी म्हणजे मुकादम. पंखा आधी सुरू कर, मग पट्टा, मग रेचे. प्रेसची पेटी भरली की रॅम खाली आण, दाब इतका झाला की थांब, दार उघड. पूर्वीच्या मुकादमाप्रमाणे हाही एका जागी उभा असतो आणि हुकूम सोडतो. आता मुकादम कितीही हुशार असला तरी त्याचा आवाज हमालांपर्यंत पोचायला हवा. प्रेसपाशी एक लहान पॅनेल आहे, पंख्याच्या मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह आहे, गाठ मोजणारा वजनकाटा आहे, ऑफिसात संगणक आहे. या सगळ्यांशी बोलण्यासाठी मुकादमाला जो घसा दिलेला असतो, तेच संपर्काचं कार्ड. कार्ड गेलं म्हणजे मुकादम शुद्धीवर आहे, हमाल धडधाकट आहेत, पण घसा बसला आहे. पॅनेलवर ‘संपर्क नाही’ अशी अक्षरं येतात आणि सुरक्षिततेसाठी प्रेस जागच्या जागी थांबते.

घसाच का आधी बसतो? कारण पीएलसी बंद पेटीत सुरक्षित असतो, पण संपर्काची तार शंभर-दोनशे फूट बाहेर धावते. या तारांची बोली बहुतेक ठिकाणी आरएस-४८५ नावाची असते. १९८३ साली तिचं मानक ठरलं. दोन तारा पिळून एकत्र नेल्या की किलोमीटरभर बोलता येतं, म्हणून ती कारखान्यांत रुळली. पण जूनच्या वळवात किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जवळपास वीज कोसळली, की त्या तारेत जो झटका येतो तो दोन्ही टोकांची कार्डं घेऊन जातो. अर्थिंग नीट नसेल, म्हणजे दोन इमारतींची जमीन वेगवेगळ्या दाबावर असेल, तर वीज न पडताही कार्ड हळूहळू मरतं. त्यात रुईचा भुसा पेटीत शिरून पंख्याची जाळी बुजवतो आणि आतला उकाडा वाढतो. कार्डावर वीज साठवणारे छोटे डबे असतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्याबद्दलचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आमच्या वऱ्हाडातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पेटीच्या आत काय तापमान होत असेल, ते तुम्हीच ताडा.

आता कोणी विचारील, गेलं तर नवीन आणायचं, त्यात काय? तिथेच गोम आहे. हायड्रॉलिक प्रेसचं लोखंड चाळीस वर्षं टिकतं. रेचा तर आजोबांनी घेतलेला नातू चालवतो, फक्त रोलर बदलायचे. पण त्यात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची बाजारातली उमर पंधरा-वीस वर्षांची. कंपनीला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. कार्डावर पन्नास चिपा असतात, त्या वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, आणि त्यातली एक जरी बनायची बंद झाली तरी अख्खं कार्ड नव्याने आखावं लागतं. १ जुलै २००६ पासून युरोपात शिसं असलेल्या डाखावर बंदी आली. तेव्हा अनेक कंपन्यांनी हिशेब केला, की जुनं मॉडेल नव्या डाखासाठी पुन्हा आखण्यापेक्षा बंद केलेलं बरं. आमच्याकडे मिशनच्या अनुदानातून यंत्रं बसत होती तेव्हा, म्हणजे नेमकी त्याच सुमाराला, जगात त्यांच्या आतल्या भागांना निरोप दिला जात होता.

मोठ्या कारखान्यांचीही यातून सुटका नाही. अ‍ॅलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा १९८६ साली आलेला कंट्रोलर २०१७ मध्ये बंद झाला. सीमेन्सची एस७-३०० ही मालिका आपल्याकडे साखर कारखान्यांपासून पाणीपुरवठ्यापर्यंत पसरलेली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने ती निवृत्तीच्या मार्गाला लावली. सुटे भाग २०३३ पर्यंत मिळतील असं सांगितलं आहे. आणि ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही त्यांचं काय होतं, तेही बघा. २००२ साली बातमी आली होती, की नासाचे लोक इंटरनेटवरच्या लिलावात जुनी वैद्यकीय उपकरणं शोधत आहेत. कशासाठी? तर त्यांच्या आत इंटेलची ८०८६ ही १९७८ सालची चिप मिळते म्हणून. अवकाशयानाच्या बूस्टर रॉकेटची तपासणी करणाऱ्या यंत्रात ती चिप होती आणि ती बनायची कधीच थांबली होती. नासाला भंगार धुंडाळावं लागतं, तिथे आपल्या जिनिंगवाल्याने लाजायचं कारण नाही.

फरक इतकाच, की आपल्याकडे वेळ नसतो. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत. त्यातही डिसेंबर-जानेवारीत गर्दी उसळते. प्रेस थांबली तरी रेचे थोडा वेळ चालवता येतात, पण रुई जायची कुठे? हॉलमध्ये गंजी वाढत जाते, आणि सुटी रुई म्हणजे एका ठिणगीची वाट बघणारी वस्तू. जुना मुकादम दीड-दोन तासांत रेचे बंद करायला लावतो, आणि तो बरोबर असतो. रेचे थांबले की कापूस उतरवणं थांबतं. मग गेटबाहेर कास्तकार उभा. ट्रॉलीचं भाडं चढतंय, रात्रीची थंडी, ओलावा वाढला की उद्या ग्रेडर भाव कापणार. त्याने पेरणीपासून जी जोखीम घेतली तिच्यात हे कार्ड कुठेच नव्हतं. मालकाचंही नुकसान होतं, पण मालक ते तीन महिन्यांत भरून काढू शकतो. कास्तकाराकडे एकच ट्रॉली असते. म्हणून सुट्या भागाचा प्रश्न हा मालकाच्या कपाटापुरता आहे, असं मला वाटत नाही.

कार्ड गेल्यावर सुरू होते ती फोनाफोनी. यंत्र पुरवणारा म्हणतो, हे मॉडेल आता येत नाही, पूर्ण पॅनेल बदला. मग मुंबईला लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ, पुण्याला बुधवार पेठ, भोसरी. वापरलेलं कार्ड कोणाकडे तरी निघतं. भाव तो सांगेल तो, कारण तुमच्या आवाजातली घाई त्याला फोनवर कळते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून नागपूरची वस्तू मेहकरपर्यंत काही तासांत येते, हे खरं. पण रस्ता चांगला झाला म्हणून येणारी वस्तू चांगली असते असं नाही. वापरलेलं कार्ड घेताना मी तीन गोष्टी मागतो. मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो, त्यावरचा आवृत्ती क्रमांक, आणि यंत्राला लावून चालू असल्याचा व्हिडिओ. एकाच नंबरच्या दोन कार्डांत आतली आवृत्ती वेगळी असली की पीएलसी त्याला ओळखतच नाही. कार्ड चांगलं, पैसे गेले, प्रेस बंदच. आणि पुसून-घासून नवं केलेलं कार्ड ओळखायचं तर चकाकीकडे बघू नका, कडेच्या पितळी पट्ट्यांकडे बघा. तिथे घासल्याच्या रेघा लपत नाहीत.

नकली मालाचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. लॅपटॉपला आणि जुन्या यंत्राला जोडणाऱ्या केबलमध्ये एक छोटी चिप असते. एफटीडीआय नावाच्या ब्रिटिश कंपनीची ही चिप फार चालते, म्हणून तिच्या नकलाही फार. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने जे नवं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढलं, ते विंडोजच्या अपडेटमधून आपोआप लोकांच्या संगणकांत गेलं आणि नकली चिपांची ओळखच पुसून टाकू लागलं. काल चालणारी केबल आज संगणकाला दिसेना. ओरड झाल्यावर कंपनीने ते मागे घेतलं. पण ज्याच्या केबलमध्ये नकली चिप होती त्याला ती नकली आहे हे कधी माहीतच नव्हतं. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपेचंही असंच. नव्या विंडोजमध्ये ती जोडली तर सरळ अक्षरं येतात, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराला भेटा. मध्यरात्री प्रेसपाशी उभं राहून हे वाचणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

मग किती कार्डं जवळ ठेवावीत? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. समजा एका कार्डाचं सरासरी आयुष्य वीस वर्षं आहे. म्हणजे ते नेमकं विसाव्या वर्षी जाईल असं नव्हे, तर दरवर्षी ते जाण्याची शक्यता साधारण विसांत एक. एका जिनिंगमध्ये अशी दोन कार्डं आहेत आणि पूर्ण यंत्रणा बदलायला अजून पाच वर्षं आहेत. या पाच वर्षांत सरासरी अर्धं कार्ड जाणार. पण अर्धं कार्ड कधी जात नाही; जाईल तर पुरं जाईल, कदाचित दोन जातील. प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने हिशेब केला, तर एक कार्ड शिल्लक ठेवलं असता कमी पडण्याची शक्यता शंभरात नऊ, दोन ठेवली तर शंभरात दीड. नऊची जोखीम घेऊ नये, म्हणून प्रत्येकाने दोन ठेवावीत असं उत्तर येतं. एकाच प्रकारची यंत्रं असलेल्या पाच जिनिंग धरल्या, तर दहा कार्डं झाली.

आता हेच पाच जण एकत्र आले तर? पाच वर्षांत पाचही ठिकाणी मिळून सरासरी अडीच कार्डं जाणार. इथे बहुतेक जण चुकतात. अडीच म्हणजे तीन पुरेत, असं म्हणतात. तीन ठेवली तर कमी पडण्याची शक्यता जवळजवळ चारांत एक आहे! पण सहा ठेवली तर ती शंभरात दीडच्याही खाली येते. म्हणजे वेगवेगळी दहा कार्डं जे काम करतात, ते एकत्र ठेवलेली सहा कार्डं करतात; किंबहुना जरा जास्तच चांगलं करतात, कारण दहांच्या वाटणीत एकाकडे दोन पडून राहतात आणि दुसऱ्याकडे तिसरं लागतं. जी वस्तू बाजारातून संपत चालली आहे तिच्या बाबतीत चार कार्डं वाचणं ही मोठी गोष्ट आहे. ती चार पुढच्या कोणाला तरी मिळतील.

हे गणित मी मालकांना सांगितलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, ‘भाऊ, तो माझ्या गेटवरचा कापूस ओढतो अन् मी त्याला कार्ड देऊ?’ प्रश्न रास्त आहे. बाजार समितीच्या आवारात जे एकमेकांवर बोली चढवतात त्यांनी एका कपाटाच्या किल्ल्या वाटून घ्यायच्या, हे सोपं नाही. मार्ग निघाला तो वहीतून. कार्ड ज्याचं त्याच्याकडेच राहतं, मालकीही त्याचीच. वहीत फक्त नोंद: कोणाकडे काय आहे, कोणती आवृत्ती, शेवटची तपासणी कधी. नेलेल्याने एका महिन्यात तसंच कार्ड किंवा ठरलेली रक्कम परत करायची. वही अशा माणसाकडे ठेवायची ज्याला कापूस विकत घ्यायचा नसतो. आमच्याकडे ती एका वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याकडे आहे.

गणितावर एक टीप मात्र द्यायला हवी. हा हिशेब कार्डं एकेक करून, एकमेकांशी संबंध नसताना जातात असं धरतो. वीज पडली तर एकाच जागची दोन्ही कार्डं एका क्षणी जातात. आणि एकाच वर्षी बसवलेल्या कार्डांचे कपॅसिटर एकाच सुमाराला म्हातारे होतात. म्हणून सहाच्या सहा कार्डं एका छपराखाली ठेवू नयेत, आणि पंधराव्या वर्षानंतर तर हे आकडे फार विश्वासाने घेऊ नयेत.

दुरुस्तीचा रस्ता लोक विसरतात. आरएस-४८५चं कार्ड गेलं म्हणजे पुष्कळदा त्यातली एकच आठ पायांची चिप गेलेली असते. ७५१७६ किंवा तिची बहीण. ही चिप आजही बनते आणि चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. झटका तारेतून येतो आणि दारातच उभ्या असलेल्या या चिपेला आधी लागतो. ती मरून मागच्यांना वाचवते. आयटीआयचा चांगला मुलगा डाखाची बारीक टोकाची इस्त्री घेऊन ती अर्ध्या तासात बदलतो. मी तर बदलताना तिथे आधी सॉकेट बसवतो, म्हणजे पुढच्या वेळी डाखही लागत नाही. म्हणून मेलेलं कार्ड भंगारात टाकू नका. त्याला चिठ्ठी बांधा, कधी गेलं, कसं गेलं, आणि ठेवून द्या. दोन मेलेल्या कार्डांतून एक जिवंत कार्ड निघतं.

कपाटात ठेवणं ही मात्र कला आहे. चांदीच्या रंगाच्या अँटिस्टॅटिक पिशवीत, सोबत ओलावा शोषणारी पुडी, आणि उंदीर पोचणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात. पिशवीवर फक्त मॉडेल नंबर लिहून भागत नाही. कार्डावर बारीक खटके असतात, त्यांनी त्याचा पत्ता आणि वेग ठरतो. चालू कार्डावरचे खटके वरखाली कसे आहेत त्याचं चित्र काढून पिशवीत घाला, मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर हरवतो. आणि कितीही नीट ठेवलं तरी पडून राहिलेलं कार्ड पडून पडूनही बिघडतं. कपॅसिटरला वर्षातून एकदा वीज दाखवावी लागते. इथे जिनिंगला एक वरदान आहे ते साखर कारखान्यालाही आहे, पण औष्णिक वीज केंद्राला नाही: रिकामा काळ. जून ते सप्टेंबर यंत्र उभं असतं. त्या काळात चालू कार्ड काढून ठेवायचं, शिलकीतलं बसवायचं आणि दिवसभर यंत्र मोकळं फिरवायचं. न तपासलेलं कार्ड हे कार्ड नसतं, ती कार्डाची आशा असते. मी मालकांना म्हणतो, दसऱ्याला यंत्राची पूजा करता, तेव्हा हळद-कुंकू लागतं ते कार्ड शिलकीतलं असू द्या.

याच रिकाम्या काळात एक सापही लपलेला असतो. अनेक जुन्या पीएलसींमधला प्रोग्रॅम, म्हणजे मुकादमाची अक्कल, एका छोट्या लिथियम बॅटरीच्या जिवावर टिकून असते. हंगामात मुख्य वीज चालू असते तोवर बॅटरीवर भार नसतो. एप्रिलमध्ये मालक वीजबिल वाचवायला मेन स्विच पाडतो. पाच-सहा महिने बॅटरी एकटी किल्ला लढवते. ती आधीच म्हातारी असेल तर ऑक्टोबरमध्ये स्विच वर केल्यावर मुकादम उभा असतो, घसाही ठीक असतो, पण त्याला आपलं नावही आठवत नाही. बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवून, आणि त्याआधी प्रोग्रॅमची प्रत काढून.

प्रत काढायची म्हटलं की साखळी किती लांब आहे ते कळतं. जुन्या पीएलसीशी बोलणारं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, आणि एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला रामराम ठोकला. त्याला लागणारं नऊ पिनांचं तोंड आताच्या लॅपटॉपला नसतं. काही ठिकाणी तर ऑफिसातल्या संगणकात जुन्या आयएसए खाचेत बसणारं संपर्काचं कार्ड आहे; ती खाच मदरबोर्डवरून जाऊन वीस वर्षं झाली. मग तो धुळकट संगणक हाच सुटा भाग ठरतो. त्याची हार्डडिस्क, तिची हुबेहूब प्रत, केबल, केबलचा नकाशा, आणि पासवर्ड. हे सगळं कार्डाइतकंच ‘स्टॉक’मध्ये धरा. पासवर्डचं दुखणं सगळ्यांत मोठं. यंत्र बसवणारा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता, तो आता कुठल्या देशात आहे कोणास ठाऊक, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. नवं यंत्र घेणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की शेवटचा हप्ता देण्याआधी प्रोग्रॅमची खुली प्रत आणि पासवर्ड लिहून घ्या. त्यानंतर ते कोणी देत नाही.

मग हे असं कुठवर ओढायचं? कधीतरी बदलावंच लागतं, पण एका रात्रीत सगळं बदलणं हाच एक मार्ग नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. १९९० च्या दशकातली ती यंत्रणा. तिचं आधुनिकीकरण झालं तेव्हा नियंत्रणाच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जागी नवं टप्प्याटप्प्याने आलं आणि दरम्यान दुर्बीण शास्त्रज्ञांसाठी चालू ठेवली गेली. २०१९ पर्यंत ते काम पार पडलं. टप्प्याटप्प्याने बदलण्यात आणखी एक फायदा दडलेला असतो: ज्याचं बदललं त्याचे जुने भाग न बदललेल्यांना औषध म्हणून मिळतात. जिनिंगमध्येही हे जमतं. मुकादम तोच ठेवून मध्ये एक दुभाषी बसवता येतो, जो जुन्या तारेवरची बोली नव्या पॅनेलला समजावून देतो. मॉडबससारखी बोली असेल तर फारच सोपं, कारण १९७९ पासूनची ती बोली आजही सगळ्यांना येते. कंपनीची खासगी बोली असेल तर दुभाषी महाग पडतो, आणि कधी कधी मिळतच नाही. तिथे मात्र मी स्पष्ट सांगतो, की दोन हंगामांत पूर्ण पॅनेल बदलायची तयारी ठेवा, आणि तोवरच्या दोन हंगामांपुरतीच कार्डं घ्या. दहा वर्षांचा साठा करून ठेवणं म्हणजे मेलेल्या गाईसाठी कडबा भरणं.

घाटाखालच्या एका जिनिंगने या उन्हाळ्यात तसं पॅनेल बदललं. त्यांच्याकडून निघालेली दोन संपर्क कार्डं, एक पडदा आणि केबलचं भेंडोळं वहीत चढलं आहे. कार्डांची आवृत्ती आमच्याकडच्या तीन यंत्रांशी जुळते, चौथ्याशी नाही. पडद्यावर उजव्या कोपऱ्यातली अक्षरं पुसट दिसतात, पण बटणं चालतात. जून-जुलैतच ती एकेका यंत्राला लावून दिवसभर फिरवायची आहेत. भाद्रपदात विजा सुरू होतात, त्याच्या आत.